वास्कोतलं ‘मास्टर चीफचं ऑफिस’: फौजेतून सुटून परदेशी जाणाऱ्यांनी एजंटाआधी इथं जावं

आधी निकाल सांगतो, मग तपशील. नेव्ही, आर्मी, कोस्ट गार्ड, कुठूनही सुटून परदेशात नोकरी शोधत असाल आणि खिशातून पैसे जाणारच असतील, तर एजंटाच्या हातावर ठेवण्याआधी थोडे इथं ठेवा. हे ऑफिस नोकरी लावत नाही, कागद, सीव्ही, मुलाखत आणि कॉन्ट्रॅक्ट यांची तयारी करून देतं. दारावरच पाटी आहे: ‘आम्ही माणसं पाठवत नाही. पासपोर्ट ठेवून घेत नाही.’ ती वाचून अर्धे लोक जिन्यावरूनच परत फिरतात. फिरू देत, रांग कमी होते.

ऑफिसचं नाव इथं देत नाही, कारण चालवणाऱ्यांनाच ते नकोय. टेबलं दोन, टायपिंगला एक मुलगी, एवढ्यात गर्दी झाली तर कामाचा विचका होईल म्हणाले. स्वतंत्र पथाच्या मागच्या गल्लीत, टाइल्सच्या दुकानावर. वास्कोत कुणाही माजी नौसैनिकाला ‘मास्टर चीफचं ऑफिस’ विचारा, तो जिन्यापर्यंत आणून सोडेल. मास्टर चीफ हा नेव्हीत ऑफिसरच्या खालचा वरिष्ठ हुद्दा, ऑफिस चालवणाऱ्यांना अजून त्याच नावानं ओळखतात. खिडकीच्या चौकटीवर काळी पूड बसलेली असते. ती बंदरातल्या कोळशाची, हे वास्कोकरांना सांगायला नको.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी स्टोकर. कोळसा जाऊन कैक पिढ्या झाल्या तरी नेव्हीत इंजिन रूमवाल्याला अजून स्टोकरच म्हणतात. 15 वर्षं करून पेटी ऑफिसर म्हणून सुटलो. गाव पेडणे तालुक्यात, बिऱ्हाड चिखलीला. सुटल्यावर भेटेल तो एकच विचारायचा, "मोपाला सिक्युरिटीत लागलास की नाही?" मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि आमच्या भागात माजी सैनिक म्हणजे बॅगा तपासणारा माणूस हे समीकरण पक्कं झालं. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण पंधरा वर्षं डिझेल इंजिनांत हात काळे केल्यावर माणसाला वाटतंच की इंजिनाचंच काहीतरी करावं. दुसरे शेजारी पोर्तुगीज पासपोर्टाची आठवण करून द्यायचे: आजोबांचा जन्म 1961 च्या आधीचा, मग नोंद करून युरोपात का जात नाहीस? तो वेगळा रस्ता आहे, त्यात भारताचं नागरिकत्व जातं, आणि हे ऑफिस तो विषय घेतच नाही. बरं करतं.

फी साडेसहा हजार, दोन हप्त्यांत, पावती मिळते. त्यात कागदपत्रांची तपासणी, सीव्ही, दोन सराव मुलाखती आणि ऑफर आली की कॉन्ट्रॅक्ट वाचून देणं. महाग वाटली तर शेवटच्या कामाची तेवढी वेगळी फी देऊन तेवढंच करून घेता येतं. मी असतो तर तेच आधी करून घ्या म्हणालो असतो, पण कागद नीट नसतील तर कॉन्ट्रॅक्ट येतंच कुठून?

पहिल्या भेटीत गप्पा नाहीत. मास्टर चीफ सगळे मूळ कागद मागतात आणि टेबलावर एकाखाली एक लावतात: दहावीची मार्कशीट, जन्मदाखला, सर्व्हिस सर्टिफिकेट, आधार, पासपोर्ट. मग स्टीलची फूटपट्टी घेऊन प्रत्येक कागदावरच्या नावाखाली सरकवत जातात, अक्षर अक्षर वाचत. गोव्यात हे किती गरजेचं आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे बापाच्या जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज धाटणीचं, ‘सी’ आणि ‘क्यू’वालं. शाळेत मास्तरांनी घातलं इंग्रजी धाटणीचं, ‘के’वालं. भरतीच्या वेळी क्लार्कनं स्वतःच्या मनानं तिसरंच. मार्कशीटवर आडनाव पुढं, पासपोर्टवर मागं. नौकेवर असेपर्यंत कुणी विचारत नाही, कारण तिथं तुमचा नंबर चालतो. परदेशातल्या एचआरला नंबराशी देणंघेणं नाही. माझ्या कागदांत बापाच्या नावात एक अक्षर फिरलेलं निघालं. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ते मिटलं. माझ्यासमोर काणकोणच्या एका हवालदाराचं आडनावच दोन तऱ्हेचं निघालं, त्याला सरळ गोव्याच्या 1990 च्या नाव-आडनाव बदल कायद्याखाली अर्ज करायला पाठवलं. "सहा महिने जातील, पण विमानतळावरून परत येण्यापेक्षा बरं," असं मास्टर चीफनी त्याला सांगितलं. पोरगा नाराज झाला. व्हायचाच.

सर्टिफिकेटांवरच्या शिक्क्यांचंही त्यांनी नीट समजावलं. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा एकच शिक्का, करारातल्या सगळ्या देशांत चालणारा. भारत 2005 पासून त्या करारात आहे, ओमानही आहे, म्हणून ओमानला परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. दुबई-अबुधाबीला जायचं तर दूतावासाचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. कुठं जायचं ते ठरायच्या आधी सगळे शिक्के मारून घेणारे आणि डबल पैसे भरणारे लोक मी तिथं पाहिले.

आता ज्याचा फौजीला सगळ्यात जास्त राग येतो ती गोष्ट. मॅट्रिक आणि 15 वर्षं सेवा झाली की केंद्र सरकार गट ‘क’च्या पदांसाठी आपल्याला पदवीधरासारखं धरतं. हे सर्टिफिकेट प्रत्येकजण लॅमिनेट करून आणतो. मास्टर चीफ ते हळूच फाइलच्या शेवटी सारतात. देशात ते सोनं आहे, मस्कतमध्ये त्याला कुणी ओळखत नाही. तिथं बघतात ते आयटीआय किंवा डिप्लोमा, कुठल्या मेकच्या मशिनवर किती तास, आणि इंग्रजीत बोलता येतं का. रिलीजच्या आधीच्या वर्षात डीजीआरचे, म्हणजे फौजींच्या पुनर्वसनाच्या सरकारी खात्याचे, कोर्स मिळतात, 24 आठवड्यांपर्यंतचे, जवान आणि नौसैनिकांना फुकट. ते घेऊन बाहेर या, असं ते प्रत्येक नोकरीत असलेल्याला सांगतात. ऐकणारे कमीच. शेवटच्या वर्षी सगळ्यांना घर बांधायचं असतं.

सीव्ही दोन पानांचा बनवून देतात. आपण लिहितो ‘नौकेवरील यंत्रसामग्रीची देखभाल’. ते विचारतात कसली, किती किलोवॅटची, ओव्हरहॉल तू केलास की बघत होतास, हाताखाली माणसं किती. आणि त्याच दमात काय लिहायचं नाही तेही: नौका कुठं गेली, कुठल्या काळात कुठं होती, शस्त्रं, रडार, यातलं एक अक्षर नाही. ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट 1923 चा असला तरी आजही लागू आहे, हे ते आठवण म्हणून नव्हे, धमकी म्हणूनच सांगतात. मुंबईचे सीव्ही बनवणारे ऑनलाइन दुकानदार याच जागी घोटाळा करतात. अनुभव भारदस्त दिसावा म्हणून नको ते लिहून ठेवतात. टायपिंगची बोंब मात्र इथंही आहे. माझ्या सीव्हीत ‘अल्टरनेटर’चं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं आलं. छापायच्या आधी स्वतः वाचा.

पैसे वसूल होतात ते सराव मुलाखतीत. मडगावचे एक गृहस्थ आहेत, सगळी उमेद बहारीनमध्ये मेंटेनन्स मॅनेजर म्हणून घालवून परत आलेले. ते घरून व्हिडिओवर बसतात, आपण ऑफिसात लॅपटॉपपुढं. माझ्या आधी बांबोळीचा सिग्नल्सचा एक नायब सुभेदार बसला होता. खुर्चीत सावधान, मुठी मांडीवर. प्रत्येक वाक्य ‘सर’नं सुरू आणि ‘सर’नं बंद. "सर, हमने पूरा एक्सचेंज मेंटेन किया, सर." पलीकडून शांत आवाजात प्रश्न: "हमने म्हणजे किती जण? आणि त्यात तुम्ही काय केलंत?" तो गप्प. पुन्हा "सर, टीम ने..." तिसऱ्यांदा विचारल्यावर हळूहळू बाहेर आलं की उंचावरच्या एका ठाण्यावर हिवाळाभर जनरेटर आणि टेलिफोन लाइन चालू ठेवायचं काम याच्या एकट्याच्या जबाबदारीवर होतं, हाताखाली बारा माणसं, आणि डिझेल गोठू नये म्हणून काय काय केलं ते त्यानं इतकं झकास सांगितलं की टायपिंगवाली मुलगीही थांबून ऐकू लागली. मास्टर चीफ मागून म्हणाले, "साहेब, हे आधी बोला ना! ठाण्याचं नाव सोडून सगळं बोला."

फौजेत ‘मी केलं’ म्हणणारा माणूस आपल्याला आवडत नाही. ते योग्यही आहे. पण कंपनी पगार युनिटला देत नाही, एका माणसाला देते. ही सवय मोडायला एक मुलाखत पुरत नाही, म्हणून दोन ठेवल्यात.

मला विचारलं ते इंजिनाचं. जनरेटर लोडवर आहे, एका सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान बाकीच्यांपेक्षा वर चाललंय, काय करशील? मी म्हटलं, आधी तापमान मोजणारा थर्मोकपल खरं बोलतोय का ते शेजारच्याशी अदलाबदल करून बघेन, मग इंजेक्टर, मग फ्युएल पंप, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. बहारीनवाले म्हणाले, "उत्तर बरोबर. पण परमिट कुठं आहे?" तिथं इंजिनाला हात लावण्याआधी वर्क परमिट, ब्रेकरला कुलूप, त्यावर तुमच्या नावाचा टॅग, चावी तुमच्या खिशात. टॅग नेव्हीतही लावतात, पण फौजेत ‘पहिलं काम, मग कागद’ हे रक्तात असतं, आणि गल्फच्या साइटवर त्यापायी नोकरी जाते. आज मी ओमानमध्ये सोहारला आहे, चतुर्थीच्या सुट्टीवर आलोय म्हणून हे निवांत लिहितोय. खऱ्या मुलाखतीत पंपाचा प्रश्न आला होता आणि मी परमिटापासूनच सुरुवात केली. पलीकडचा इंजिनिअर नुसता मान हलवत होता.

सेफ्टी ऑफिसर व्हायचं खूळ सध्या सगळ्यांना आहे. नेबॉश ही ब्रिटनची 1979 सालची संस्था, तिच्या इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेटला गल्फमध्ये मान आहे. पण त्यात एक ओपन बुक परीक्षा आणि एक प्रत्यक्ष जागेवरचा धोक्यांचा आढावा, दोन्ही स्वतः इंग्रजीत लिहायचे असतात. ‘पासची गॅरंटी’ देणाऱ्या क्लासच्या जाहिराती घेऊन येणाऱ्यांना इथं सरळ विचारतात, एक पान इंग्रजी लिहून दाखवता का? मला म्हणाले, तू स्टोकर आहेस, स्टोकरच राहा. पटलं.

मर्चंट नेव्हीबद्दल मात्र इथं फार मिळत नाही. इन्डॉस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरच्या सुरक्षेचे) बेसिक कोर्स, एवढं सांगतात आणि भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स आहे का ते बघायला लावतात. जहाजावर लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही, हे गोव्यात दर वाड्यावर एक तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, असूनही लोकांना माहीत नाही. त्यापलीकडे खोलात जायचं तर दुसरीकडे जा. युरोपचंही तसंच. जर्मनीचं चान्सनकार्ड, म्हणजे तिथं जाऊन नोकरी शोधायचा परवाना, 2024 मध्ये निघालं, त्याबद्दल विचारलं तर "ते पोरांना विचार" म्हणाले. इथली विद्या गल्फपुरती.

जहाजांवर हत्यारबंद गार्ड म्हणून जाण्याची चौकशी करणारे बरेच येतात. पैसा दिसतो आणि काम ओळखीचं वाटतं. त्यांना मास्टर चीफ ‘सीमन गार्ड ओहायो’ची हकिगत सांगतात. ऑक्टोबर 2013 मध्ये तुतिकोरीनला ती बोट पकडली, 35 माणसं, त्यात आपलेही होते. हत्यारांच्या परवान्यावरून 2016 मध्ये पाच पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि 2017 मध्ये मद्रास हायकोर्टानं सोडलं. सुटले खरे, पण मधली वर्षं कोण परत देणार? आणि रशियाचं तर ताजंच आहे: मदतनिसाची नोकरी म्हणून नेलेल्या पोरांना युद्धात ढकललं, मार्च 2024 मध्ये सीबीआयनं छापे घातले. फौजीला असे फोन जास्त येतात, कारण बंदूक शिकवायची गरज नसते. या भागात मास्टर चीफ मस्करी करत नाहीत.

कॉन्ट्रॅक्ट वाचणं म्हणजे लाल पेन आणि तासभर वेळ. माझी ऑफर मुंबईच्या एका एजंटाकडून आली होती. आकडा मोठा दिसत होता. ओमानी रियाल डॉलरला बांधलेला, एका रियालला साधारण 2.6 डॉलर, त्यामुळे रुपयांत गुणाकार केला की डोळे फिरतात. मास्टर चीफनी ‘बेसिक’वर लाल गोल केला. एकूण पगाराचा निम्माच बेसिक, बाकी अलाउन्स. ओव्हरटाइम आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, म्हणजे अलाउन्स फुगवून कंपनी तिथं वाचवते. मग राहायची सोय म्हणजे खोलीत किती जण, जेवणाचे पैसे की मेस, सुट्टीचं तिकीट वर्षानं की दोन वर्षांनी, प्रोबेशनमध्ये काढलं तर परतीचं तिकीट कुणाचं. मी त्यांच्याच शब्दांत एजंटाला मेल केला. बेसिक थोडा वाढला, तिकीट दरवर्षीचं झालं. फीचे पैसे तिथंच निघाले.

एजंटाची फी किती हेही इथंच कळलं. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेला एजंट जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे 35,400. माझ्या एका बॅचमेटकडून याच्या तिपटीहून जास्त मागितले होते, पावतीशिवाय. आणखी एक मेख: आपण दहावी पास, म्हणून पासपोर्ट ईसीएनआर. गल्फसह ज्या 18 देशांसाठी कमी शिकलेल्या कामगाराचे कागद सरकारचं एमिग्रेशन खातं तपासतं, तिथं आपल्याला तशी मंजुरी लागत नाही. लोक याला सवलत समजतात. खरं तर आपलं कॉन्ट्रॅक्ट सरकारी डोळ्याखालून जातच नाही, वाचायचं ते आपणच. ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिकडं बदलून घेऊ’ असं कुणी म्हटलं की तिथंच उठायचं.

पेन्शनची भीती अनेकांना असते. ती चालू राहते. स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर वर्षाचा हयातीचा दाखला फोनवरून चेहरा दाखवूनही करता येतो. बचत खातं तेवढं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं, करून घ्यावं लागतं. हे सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली, बँकेला समजवायला मला त्याहून बराच वेळ.

तक्रारी आहेत. इंग्रजी बोलायला शिकवणारे सर वेळ पाळत नाहीत. अर्धा डझन माजी सैनिक दहा मिनिटं आधी येऊन बसलेले आणि सर अजून चहाला, हे दृश्य बघवत नाही. जिना अरुंद आणि उंच, गुडघे गेलेल्या सुभेदार साहेबांना त्रास होतो. पार्किंग विसराच. आणि ऑफिसर कुणी आला की मास्टर चीफ अजूनही अर्धे उठतात, त्याला आधी घेतात. एका लेफ्टनंट कमांडर साहेबांनीच शेवटी सांगितलं, "मास्टर चीफ, माझा नंबर चौथा आहे."

माझ्या सुट्टीत भेटायला गेलो तेव्हा सत्तरी तालुक्यातून एक बाप आला होता. मुलगा अग्निवीर, नेव्हीत. त्यांची पहिली बॅच मार्च 2023 मध्ये चिल्काच्या ट्रेनिंग केंद्रातून बाहेर पडली. चार वर्षं झाली की चारातला एकच आत राहणार, बाकीच्यांना साधारण 11.71 लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही, ईसीएचएसची औषधोपचाराची सोय नाही. "याला गल्फला लावता येईल का?" बापानं विचारलं. मास्टर चीफनी फी घेतली नाही. म्हणाले, चार वर्षांचा अनुभव तिकडे हेल्परच्या पगाराचा, आधी त्याला आतच कुठलं ट्रेड सर्टिफिकेट मिळतंय ते बघू, वेल्डिंग किंवा रेफ्रिजरेशन मिळालं तर चांगलं. सेवानिधीतला एक पैसा एजंटाला द्यायचा नाही. पुढच्या सुट्टीत पोराला घेऊन या. बापानं हे सगळं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.

सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊपासून. दुपारी एक ते साडेतीन बंद. झेरॉक्स चालत नाही, मूळ कागद आणा, आणि बापाचा जन्मदाखलाही आणा.